पोरगं सोल्युशन ओढतंय असं कळलं तर काय करायचं

सोलापुरात अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडे माझं पंक्चरचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. आजूबाजूला यंत्रमाग, टॉवेलचे कारखाने आणि गल्लीगल्लीत विड्या वळणाऱ्या बाया. शाळा सुटली की पोरं दुकानासमोर थांबतात, सायकलीत हवा भरून घेतात, मला मामा म्हणतात. त्यातल्या दोन पोरांना मी चार-पाच महिने सोल्युशनच्या, म्हणजे पंक्चर चिकटवायच्या गोंदाच्या ट्यूब विकल्या. त्याची वाफ पोरं नशेसाठी नाकातोंडानं ओढतात. कधी दिवसाला एक, कधी दोन. सायकल कुठाय, एवढंसुद्धा मी कधी विचारलं नाही. मग एका रविवारी तशीच एक ट्यूब माझ्या सख्ख्या भाच्याच्या दप्तरात सापडली. सातवीत होता तो.

त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. या काळात जे कळलं त्यातलं काही सिव्हिलच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, काही मी स्वतः चुका करून शिकलो. गेल्या महिन्यात एक बाई दुकानात आली, पदरात गुंडाळलेली ट्यूब दाखवून म्हणाली, "दादा, हे माझ्या पोराच्या उशीखाली होतं, हे काय असतं?" गिऱ्हाईक उभं होतं, मला धड काही सांगता आलं नाही. तिला जे सांगायचं राहून गेलं ते सगळं इथं लिहितोय.

पोरगं ओढताना दिसलं तर

हे आधी वाचा, बाकीचं सवडीनं वाचलं तरी चालेल.

पोराच्या नाकाशी फडकं किंवा तोंडाशी पिशवी दिसली तर ओरडू नका. अंगावर धावून जाऊ नका. ते पळालं तर पाठलाग करू नका. हे मी तीनदा लिहायला तयार आहे, कारण मी नेमकं उलटं केलं होतं.

बंद गिरणीच्या भिंतीमागं भाचा आणि आणखी तिघं बसले होते. मला कुणीतरी दुकानात येऊन सांगितलं. मी हातातला पाना तसाच घेऊन गेलो आणि लांबूनच त्याच्या नावानं ओरडलो. तो उठला आणि पळत सुटला. मी मागं. पन्नास-साठ पावलं गेला असेल, आणि पाय अडकल्यासारखा तोंडावर पडला. मला वाटलं, नाटक करतोय. उलटा केला तर ओठ जांभळट पडलेले, डोळे अर्धे उघडे, अंग घामानं थंड. मी हाका मारत होतो आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. नंतर त्यानं एक मोठा श्वास घेतला, मग दुसरा. तो पहिला श्वास येईपर्यंत किती वेळ गेला हे मला आजही सांगता येणार नाही.

रिक्षात घालून सिव्हिलला नेला. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय ओढलंय?" आणि दुसरा, "पळवलंत का त्याला?"

त्यांनी मग समजावलं ते असं. आपण घाबरलो किंवा पळालो की अंगात अ‍ॅड्रिनलिन नावाचा रस सुटतो, त्यानं छाती धडधडते. एरवी त्यात वाईट काही नाही. पण सोल्युशन, थिनर, पेट्रोल यांची वाफ रक्तात असताना हृदय या रसाला फार नाजूक झालेलं असतं. तेवढ्या दचक्यानं त्याचा ताल बिघडतो, ते नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढं ढकलत नाही. काही मिनिटांत माणूस जातो. १९७० साली अमेरिकेतल्या मिलार्ड बास नावाच्या डॉक्टरांनी असे ११० तरुण मृत्यू एकत्र मांडले होते, तेव्हापासून डॉक्टरांना हे ठाऊक आहे. आणि याला जुनी सवय असावी लागते असंही नाही. पहिल्याच वेळेला ओढणारं पोरगंसुद्धा असं जाऊ शकतं.

तर मग करायचं काय? त्याला दिसाल असं समोरून, सावकाश जा. नाव घेऊन हळू आवाजात बोला. "चल, जरा वाऱ्याला बसू" एवढंच. झटापट करून फडकं हिसकावू नका. त्याची पकड सैल झाली की आपोआप हातात येतं, मग बाजूला टाका. बंद खोलीत असेल तर दारं-खिडक्या उघडा, पण त्याला बाहेर आणणं जास्त बरं. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचून राहते. म्हणून त्याच खोलीत, त्याच सतरंजीवर निजवू नका.

आणि आग लांब ठेवा. आमच्याकडे घरोघरी विडी, घरोघरी काडेपेटी. टोल्यूईन, म्हणजे बऱ्याच सोल्युशन आणि थिनरमध्ये असणारा एक पदार्थ, चार अंश तापमानालाही पेट घेईल इतकी वाफ सोडतो. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात काय होत असेल ते सांगायला नको. शर्टाची बाही भिजलेली असेल तर शर्ट काढा, कातडी पाण्यानं धुवा. त्याच्याजवळ बसून विडी पेटवू नका, कुणाला पेटवू देऊ नका.

बसवा आणि सोबत बसा. नशा साधारण पाव ते पाऊण तासात उतरते, पण त्यानंतरही तासभर नजर ठेवा. गुंगीत असेपर्यंत पाणी, दूध, लिंबू-सरबत काहीही पाजू नका, बोटं घालून उलटी काढू नका. श्वासनलिकेत गेलं तर त्यानंच जीव जातो. कांदा हुंगवणं, तोंडावर बादलीभर पाणी मारणं हे सुद्धा नको, त्यानं तो दचकेल.

शुद्ध नसेल पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढं दुमडा, तोंड जरा जमिनीकडे करा म्हणजे उलटी झाली तर बाहेर पडेल. १०८ ला फोन करा. श्वासच चालत नसेल, किंवा अधूनमधून नुसते आचके येत असतील, तर उताणा करून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागा. पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. तोंडानं श्वास द्यायचं शिक्षण घेतलं असेल तर तेही द्या, नसेल तर नुसतं दाबत राहा, गाडी येईपर्यंत थांबू नका.

दवाखान्यात जाताना ट्यूब, बाटली, जे असेल ते सोबत न्या. आणि खरं सांगा. अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, तिथं पोहोचल्यावर पहिलं वाक्य बोलली, "उन्हानं चक्कर आली." लाजेपोटी. पण एरवी बेशुद्ध माणसाला दिली जाणारी काही औषधं अशा हृदयाला चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांना काय ओढलंय हे कळणं गरजेचं असतं. या विषाला उतारा म्हणून असं एखादं इंजेक्शन नाही. ऑक्सिजन देतात, हृदयाचा आलेख बघतात, रक्त तपासतात.

घरात कसं ओळखायचं

दारूडा माणूस ओळखू येतो, कारण दारू तासन् तास राहते. हे तसं राहत नाही. अक्का सकाळी विड्या जमा करायला कारखान्यात जायची, रांगेत थांबून पान-तंबाखू घेऊन दीडला परत यायची. तोवर पोरगं ओढून, झिंगून, उतरून भिंतीला टेकून बसलेलं असायचं. तिला नुसता गप्प, सुस्त पोरगा दिसायचा. "अभ्यासाचा ताण असेल" म्हणायची. चार महिने असेच गेले.

आता मागं वळून बघितल्यावर ज्या गोष्टी दिसतात त्या सांगतो. अंगाला, विशेषतः उजव्या बाहीला, माझ्या दुकानासारखा वास. अक्काला तो वास माझ्या घरी येण्या-जाण्यामुळं ओळखीचा होता, म्हणूनच खटकला नाही. नाकाखाली आणि ओठांच्या कडेला बारीक पुटकुळ्या, कातडी कोरडी पडून सोललेली. आम्ही थंडीनं फुटलंय म्हणून खोबरेल लावत होतो. डोळे लाल, नाक गळतंय, पण ताप नाही. जेवण कमी. रोज संध्याकाळी डोकं दुखतंय. बोलताना जीभ जड, आणि तरी तोंडाला दारूचा वास नाही. दप्तरात आतून पिवळट पापुद्रा धरलेल्या पातळ पिशव्या. फडकी नाहीशी होणं; माझ्या बहिणीची विडीची ओली फडकी गायब व्हायची आणि ती शेजारणीवर संशय घ्यायची.

नुसत्या वासावरून मात्र कुणाला धरू नका. गॅरेजमध्ये, चपलांच्या कारखान्यात, रंगकामावर जाणाऱ्या पोराच्या अंगाला हाच वास येणार. माझ्याही येतो. दोन-चार खुणा एकत्र दिसल्या तर बोला.

कुठल्या वस्तू, तेही माहीत असू द्या. पंक्चरचं सोल्युशन, चपला-रेक्झिनचा पिवळा गोंद, रंगाचं थिनर, व्हाइटनर आणि त्याचं थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल, काही स्प्रे. सुतार वापरतात तो पांढरा गोंद पाण्यातला असतो, तो शाळेच्या कामाला घरात असला तर घाबरायचं कारण नाही.

ही फक्त स्टेशनवरच्या पोरांची नशा आहे असं मीसुद्धा समजत होतो. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सच्या व्यसनमुक्ती केंद्रानं देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ साली आला. त्यात मोठ्या माणसांत असं काही हुंगणारे ०.५८ टक्के निघाले आणि १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के. बाकी दारू, गांजा, अफू सगळ्यात मोठी माणसं पुढं. पोरं पुढं असलेली ही एकच नशा. कारण सरळ आहे. दहा-वीस रुपयांत मिळते, कुणी अडवत नाही, आणि शर्टाच्या खिशात मावते.

आत काय होतं

पंक्चर काढताना मी ट्यूब घासतो, सोल्युशन पसरतो, आणि मग लगेच पॅच लावत नाही. दोन-तीन मिनिटं थांबतो. बोट लावून बघतो, चिकट लागलं पण बोटाला आलं नाही की पॅच दाबतो. त्या दोन-तीन मिनिटांत जे उडून जातं ते सॉल्व्हंट. मागं राहतं ते रबर. पोरं त्या उडून जाणाऱ्या भागासाठी ट्यूब घेतात.

सॉल्व्हंटचं कामच चरबी-रबर विरघळवण्याचं. श्वासातून आत गेलेली वाफ फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून थेट मेंदूत जाते, काही सेकंदांत. मेंदू बराचसा चरबीचाच बनलेला, म्हणून तिथं ती लगेच मुरते. आधी हलकं वाटतं, हसू येतं, मग तोल जातो, मग भास. लवकर उतरते म्हणून पुन्हा ओढतात, पुन्हा. एका बैठकीत पाच-सहा वेळा.

मोटरसायकलची वायरिंग उघडून बघा. तांब्याच्या तारेवर प्लॅस्टिकचं कवच असतं म्हणून करंट जिथं जायचा तिथं जातो. मेंदूतल्या तारांवरही चरबीचं पांढरं कवच असतं. महिनोन् महिने टोल्यूईन ओढणाऱ्यांचं हे कवच खराब होत जातं, असं डॉक्टरांनी मला स्कॅनवर बोट ठेवून दाखवलं. ते भाच्याचं स्कॅन नव्हतं, दुसऱ्या एका मोठ्या पेशंटचं होतं. तो माणूस दोन पाय फाकवून, भिंतीचा आधार घेत चालायचा, हात पुढं केला की थरथरायचा. तोल सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग गेला की असं होतं. विसरणं, एका जागी लक्ष न लागणं, कमी ऐकू येणं, हेही त्यातलंच.

आमच्या भाच्याचं वेगळं झालं. दवाखान्यातून घरी आणल्यावर पंधरा दिवसांनी त्यानं चोरून पुन्हा ओढलं होतं, आणि एका सकाळी त्याला उठताच येईना. मांड्यांत जोरच नाही. अक्का म्हणाली वारं गेलं अंगावरून. शर्टाची बटणं लावायला बसला तर बोटं बटणापर्यंत जायची आणि तिथंच थांबायची. तिसरं बटण लावेपर्यंत घामाघूम झाला. मी ते समोर बसून बघत होतो. सिव्हिलला रक्त तपासलं, पोटॅशियम फार खाली गेलेलं. टोल्यूईन मूत्रपिंडाला धरतं, मग लघवीतून पोटॅशियम वाहून जातं आणि स्नायू लुळे पडतात. जास्त खाली गेलं तर हृदयही थांबतं. सलाइनमधून पोटॅशियम दिलं, दोन दिवसांनी तो स्वतः उठून संडासला गेला. हे वेळेत पकडलं तर सुधारतं. म्हणून पोराला "उठवत नाही" म्हणाल्यावर आळशी म्हणून हिणवू नका, दवाखान्यात न्या.

काही गोंदांत हेक्झेन असतं, त्यानं हातापायांच्या टोकांपासून मुंग्या आणि बधिरपणा सुरू होऊन वर चढत जातो. पेट्रोलमधलं बेंझिन रक्ताच्या कर्करोगाला कारण ठरतं. गरोदर बाईनं ओढलं तर पोटातल्या बाळाला धोका. पिशवी तोंडाला लावून गुदमरून जाणं, झिंगेत रुळावर किंवा विहिरीत पडणं, हे सगळं वेगळंच.

बोलायचं कधी आणि कसं

नशेत असताना काहीही विचारू नका. त्याच दिवशी रात्रीही नको. दुसऱ्या दिवशी, पोटात काहीतरी गेल्यावर, दोघंच असताना.

अक्कानं मारलं होतं. पट्ट्यानं नाही, विडीच्या सुपानं. मारून झाल्यावर तीच रडत बसली. पोरगं दोन दिवस घरी आलं नाही. मारल्यानं ओढणं थांबत नाही, फक्त जागा बदलते, आणि नवी जागा आपल्याला ठाऊक नसते.

मी त्याला दुकानात बसवला. समोर चहा आणि कडक भाकरीचा तुकडा, शेंगाचटणी. हातात एक ट्यूब देऊन म्हणालो, फुगा कुठं येतो बघ. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबत दाबत तो बघत होता. पोरांना तोंडाकडे बघून बोलता येत नाही, हाताला काम दिलं की बोलतात. मी विचारलं, "पहिल्यांदा कुणी दिलं?" असं नाही. मी विचारलं, "ते घेतल्यावर काय बरं वाटतं रे?"

बराच वेळ बुडबुडे बघत राहिला. मग म्हणाला, "मामा, भूक लागत नाही."

शाळेतली खिचडी सातवीला मिळते, पण तो शाळेतच जात नव्हता. सकाळी अक्का कारखान्यात, भावजी माग चालवून रात्रपाळीचे झोपलेले. घरात माग नाही पण भिंतीपलीकडे आठ माग. रात्रभर खटखट, झोप नाही. पोरांबरोबर बसलं की भूकही कळत नाही, आवाजही कळत नाही. हे मला कुठल्याही मोठ्या माणसानं सांगितलं नसतं. त्या दिवसापासून अकराला त्याचं जेवण माझ्या दुकानात. सुरुवातीला एवढंच बदललं, आणि ओढणं निम्म्यावर आलं असं मला वाटतं.

तुमच्या पोराचं कारण वेगळं असेल. कुणाचा बाप पितो, कुणाला वर्गात काही कळत नाही, कुणाला फक्त मोठी पोरं सोबत घेतात म्हणून. कारण कळेपर्यंत उपदेश करू नका. "शपथ घे" म्हणू नका. शपथ मोडली की ते पोरगं तुमच्यापासून तोंड लपवायला लागतं. हे विचारा: कुणाबरोबर, किती वाजता, एकटा असताना ओढतोस का? एकटा ओढत असेल तर धोका जास्त, कारण पडला तर उचलायला कुणी नाही. आणि पडलेल्या मित्राला सोडून पळायचं नाही, १०८ ला फोन करायचा, मार बसणार नाही, हे त्याला स्वच्छ शब्दांत सांगा. ओढणं सुटायच्या आधी सुद्धा हे सांगायला हवं.

मदत कुठं

सोलापुरात सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपर काढा, तिथं जा. मनोविकाराचे डॉक्टर म्हटल्यावर अक्का बिचकली होती, "पोराला वेडा ठरवतील." कुणी ठरवलं नाही. डॉक्टरांनी त्याच्याशी एकट्याशी बोलणं केलं, मग आमच्याशी.

फोन नंबर पाठ करा. १०९८ मुलांसाठी, दिवसरात्र, फुकट. १४४४६ केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची लाइन. १४४१६ टेलिमानस, मन फार खचलं असेल तर. आईबापांनी स्वतःसाठीही करावा. स्टेशनवर किंवा पुलाखाली एखादं अनोळखी पोरगं ओढताना दिसलं तर त्याला हटकू नका, १०९८ ला कळवा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात नशेच्या नादी लागू शकणारं पोर हे काळजी आणि संरक्षण हवं असलेलं मूल मानलं आहे. त्याचा विषय बालकल्याण समितीकडे जातो, त्याला गुन्हेगारासारखं वागवायचं नसतं. त्या पोरांशी बोलताना मराठीच चालेल असं नाही. आपल्याकडे तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं तितकीच आहेत. माझ्या घरात तेलुगूच, भाच्यानं खरं काय ते तेलुगूतच सांगितलं.

सोडवणारी गोळी नसते हे आधीच समजून घ्या, म्हणजे गोळी विकणाऱ्याच्या नादी लागणार नाही. पहिले चार-पाच दिवस चिडचिड, डोकेदुखी, मळमळ, हाताला कंप, झोप उडणं. काहींना हे काही आठवडे चालतं. झोपेसाठी, चिंतेसाठी डॉक्टर वाटलं तर काही देतात. बाकी जेवण, झोप, सोबत, आणि दर आठवड्याला दवाखान्याची फेरी. बुद्धी, लक्ष, तोल हळूहळू सुधारतो, महिन्यांच्या हिशोबानं. भाचा बरा होत होता आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत जुनी पोरं भेटली. रात्री घरी आला तो वास घेऊनच. तेव्हा मी त्याला समोर बसवून घेतला, पाणीसुद्धा दिलं नाही, तासभर बोललो नाही. सकाळी सिव्हिलला घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, "सत्तर दिवस राहिला होता ना? आता पुन्हा मोजायला लागू." भाच्यानं मान वर करून बघितलं. त्याला वाटलं होतं हाकलून देतील.

दुकानदार भावांना

हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं कदाचित, कारण ट्यूब आपल्याच हातून जाते.

२०१२ साली केंद्र सरकारनं बाटलीतलं व्हाइटनर आणि त्याचं थिनर विकायला बंदी घातली, पेनमधलं चालतं. तरी जुन्या सवयीनं कुठं कुठं बाटली दिसते. स्टेशनरीवाल्यांनी ती ठेवूच नये. आपल्या सोल्युशनचं तसं नाही, ते धंद्याचं सामान आहे. म्हणून नियम आपणच करायचा.

मी आता सुटी ट्यूब लहान पोराला देत नाही. सायकल आण, पंक्चर मी काढून देतो, पैसे पॅचचेच. दूरच्या गावचा मोठा माणूस मागायला आला तर सोल्युशन न लागणारे चिकट पॅच देतो, सायकलला चांगले चालतात. मोठा डबा कपाटात, किल्ली कमरेला. रिकामी ट्यूबसुद्धा बाहेर टाकत नाही, उकलून उन्हात पूर्ण वाळवतो आणि मग कचऱ्यात देतो, कारण पोरं उकिरड्यातून उचलतात. शटर पूर्ण वर असल्याशिवाय काम करत नाही; बावीस वर्षं ही वाफ माझ्याही नाकात गेलीय, संध्याकाळचं डोकं दुखणं मी कामाचा थकवा समजत होतो. उघड्यावर काम करायला लागल्यापासून ते कमी झालंय.

दुकानावर पाटी लावायची तर "यानं नशा होते, विकणार नाही" असं लिहू नका. ज्याला ठाऊक नाही त्याला आपणच शिकवतो. माझ्या पाटीवर "सुटी ट्यूब मिळणार नाही" एवढंच आहे, खाली १०९८ आणि १४४४६.

आणि पोरगं आलं तर हाकलू नका. हाकललेलं पोरगं पुढच्या दुकानात जातं. आमच्या रस्त्यावर पंक्चरची तीन, हार्डवेअरची दोन, स्टेशनरीची दोन दुकानं. सगळ्यांशी मी जाऊन बोललो. पाच तयार झाले, दोघांनी "आमचा धंदा आहे" म्हणून सांगितलं. त्यांच्याकडे मी दर महिन्याला जातो, चहा पितो, पुन्हा तेच बोलतो.

परवा दुपारी दहा-अकरा वर्षांचं एक पोरगं आलं, अनवाणी, "मामा, एक सोल्युशन." मी म्हटलं, सायकल घेऊन ये. ते गेलं. वाटलं आता कुठलं येतंय. भाचा आत बसून रिमचे स्पोक पुसत होता, त्यानंही मान वर केली. पाऊण तासानं ते पोरगं खरंच सायकल ढकलत आलं, त्याच्याहून उंच, मागचं चाक पार बसलेलं. भाच्यानं टायर उतरवलं, आतून बोट फिरवलं आणि बाभळीचा काटा काढून त्याच्या तळहातावर ठेवला.